एआय, डेटा आणि मदतकार्य : या क्षेत्रात करिअर कसं करायचं?

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. मला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. काळेवाडीतल्या घरातूनच काम चालू होतं आणि फोनवर दर पाच मिनिटांनी मेसेज येत होते. बेड आहे का, ऑक्सिजन सिलेंडर कुठे मिळेल, रेमडेसिवीर कुणाकडे आहे? आम्ही आठ-दहा मित्रमैत्रिणींनी मिळून एक गुगल शीट बनवली. पेशंटचं नाव, वय, पत्ता, नातेवाईकाचा नंबर, ऑक्सिजन लेव्हल आणि काय हवंय ते. लिंक ज्याच्याकडे असेल त्याला सगळं दिसेल, अशी सेटिंग ठेवली. घाई होती आणि काही जणांना त्या शीटमुळे खरंच बेड मिळाले. लाट ओसरली, ग्रुप शांत झाला, शीट मात्र तशीच राहिली.

जुलैमध्ये मला एका मुलीचा फोन आला. शीटमध्ये स्वयंसेवकांचेही नंबर होते, त्यातून तिला माझा मिळाला होता. म्हणाली, "ताई, बाबा जाऊन दोन महिने झाले. अजून लोक फोन करतात, सिलेंडर पाहिजे का विचारतात, आधी पैसे पाठवा म्हणतात. आमचा नंबर तेवढा काढून टाका ना."

शीट डिलीट करायला मला दहा सेकंद लागले. तिच्या किती कॉपी झाल्या होत्या, हे मला आजही माहीत नाही.

मी इंजिनिअर होते, डेटावरच काम करत होते, तरी माझ्याकडून हे झालं. हेतू चांगला असून माणसाचं नुकसान होऊ शकतं, हे मी तेव्हा शिकले. नंतर कळलं की असं होऊ नये म्हणून काम करणारं एक अख्खं क्षेत्र आहे आणि त्यात करिअरही करता येतं. आज मी एका आरोग्य संस्थेच्या डेटा टीममध्ये काम करते. ओळखीची कॉलेजची मुलं याबद्दल विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहिते आहे.

हे क्षेत्र म्हणजे नक्की काय?

दोन गोष्टी इथे एकत्र येतात.

पहिली म्हणजे मदतकार्य. पूर, भूकंप, साथीचे रोग, युद्ध, कुपोषण, माता-बालआरोग्य अशा ठिकाणी अडचणीतल्या माणसापर्यंत मदत पोहोचवायची. यासाठी डेटा लागतोच. कुठल्या वस्तीत किती घरं आहेत, कुणाला औषध हवंय, कोण मागे राहिलंय, हे कळल्याशिवाय मदत नीट पोहोचत नाही.

दुसरी म्हणजे जबाबदार एआय. कॉम्प्युटर जेव्हा माणसांबद्दल निर्णय घेतो किंवा निर्णयाला मदत करतो, तेव्हा तो निर्णय न्याय्य आहे का, समजावून सांगता येतो का, चूक झाली तर दुरुस्त होते का आणि माणसाची खासगी माहिती सुरक्षित आहे का, हे पाहायचं काम.

माझ्या बाबांना हे समजावताना मला सोपं गेलं, कारण ते आयुष्यभर भोसरीत क्वालिटी इन्स्पेक्शनला होते. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं मशीन माणसांना पास-रिजेक्ट करतं. मग चांगला जॉब चुकून रिजेक्ट झाला तर? आणि लाईन थांबवायचा अधिकार कुणाला?" जबाबदार एआयचे अर्धे प्रश्न या दोन वाक्यांत आले. फॅक्टरीत चुकून रिजेक्ट झालेला जॉब भंगारात जातो. इथे चुकून रिजेक्ट झालेली व्यक्ती म्हणजे जिला फोन आला नाही अशी गरोदर बाई किंवा जिचं नाव यादीत आलं नाही अशी पूरग्रस्त आजी.

आपल्याच राज्यातलं उदाहरण : फोन कुणाला करायचा?

हे सगळं फक्त परदेशात चालतं असं वाटत असेल, तर मुंबईचं उदाहरण बघा.

अरमान ही डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केलेली संस्था. तिचा एममित्र नावाचा कार्यक्रम आहे. नोंदणी केलेल्या गरोदर बाईला आणि बाळंतिणीला फोनवर रेकॉर्ड केलेले छोटे संदेश मोफत येतात. कितवा महिना चालू आहे किंवा बाळ किती दिवसांचं आहे, त्याप्रमाणे संदेश बदलतो. इंटरनेट लागत नाही, साधा फोन चालतो.

अडचण अशी की बऱ्याच बायका काही आठवड्यांनी कॉल ऐकणं बंद करतात. अशा वेळी आरोग्य कार्यकर्तीनं स्वतः फोन करून बोललं, तर काही जणी पुन्हा ऐकू लागतात. पण कार्यकर्त्या मोजक्या आणि नोंदणी झालेल्या बायका हजारो. मग या आठवड्यात फोन कुणाला करायचा?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे जी सोडून जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तिला. पण जरा थांबून विचार करा. काही जणी फोन केला तरी ऐकणार नाहीत, कारण फोन दिवसभर नवऱ्याकडे असतो. काही जणी फोन न करताही आपणहून परत येतील. कार्यकर्तीचा वेळ खरा कामी येतो तो मधल्या गटात, जिथे एका फोननं सगळ्यात जास्त फरक पडतो.

गुगल रिसर्च इंडिया आणि हार्वर्डचे प्राध्यापक मिलिंद तांबे यांच्या टीमनं अरमानसोबत नेमकं हेच गणित मांडलं. त्या पद्धतीला रेस्टलेस मल्टी-आर्म्ड बँडिट म्हणतात. नाव भयंकर आहे, कल्पना सोपी आहे. प्रत्येक बाईला एक गुण दिला जातो : हिला आत्ता फोन केला तर किती फरक पडेल? ज्यांचे गुण जास्त, त्यांना त्या आठवड्यात फोन. "रेस्टलेस" यासाठी की ज्यांना फोन केला नाही त्यांचीही परिस्थिती दर आठवड्याला बदलत राहते, म्हणून यादी पुन्हा काढावी लागते.

मग त्यांनी ते प्रत्यक्ष तपासलं. २३,००३ महिलांचे तीन गट केले आणि सात आठवडे पाहिलं. एका गटाला एआयच्या यादीप्रमाणे फोन, दुसऱ्या गटाला ओळीनं एकेकीला फोन, तिसऱ्या गटाला नेहमीसारखे फक्त रेकॉर्ड केलेले संदेश. एआयच्या गटात ऐकणं सोडण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. ओळीनं फोन केलेल्या गटात मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे नुसते फोन करून भागलं नाही, योग्य व्यक्तीला करणं महत्त्वाचं ठरलं. पुढे २०२२ पासून ही सिस्टीम "सहेली" या नावानं प्रत्यक्ष वापरात आली.

यात "जबाबदार" काय आहे?

या प्रकल्पात मला सगळ्यात शिकण्यासारख्या वाटतात त्या मॉडेलच्या आजूबाजूच्या गोष्टी.

एक, जात आणि धर्म ही माहिती गोळाच केली जात नाही. जी माहिती आपल्याकडे नाही, ती लीक होऊ शकत नाही आणि मॉडेलमध्ये थेट घुसूही शकत नाही.

दोन, डेटाची मालकी संस्थेकडे राहते. संशोधकांना नाव-नंबर काढलेली प्रत मिळते.

तीन, मॉडेल कुणाचंही काही काढून घेत नाही. रेकॉर्ड केलेले संदेश सगळ्यांना येतच राहतात आणि कुणालाही स्वतःहून मिस्ड कॉल देऊन मदत मागता येते. एआय फक्त जादाचा फोन कुणाला ते सुचवतं. ते चुकलं तर एखादीला एक फोन कमी मिळेल, तिची सेवा बंद होणार नाही. बाबांच्या भाषेत, रिजेक्ट झालेला जॉब भंगारात जात नाही.

चार, फोनवर बोलते ती माणूसच. एआय आणि गरोदर बाई यांच्यामध्ये एक कार्यकर्ती आहे.

पण प्रश्न इथे संपत नाहीत. शिक्षण, उत्पन्न, फोन कुणाचा आहे, हे रकाने मॉडेलमध्ये असतात. शिकलेल्या बायका फोनला जास्त प्रतिसाद देत असतील, तर "जिथे फरक पडतो तिथे फोन" हा नियम हळूहळू गरीब बायकांना यादीतून खाली ढकलेल का? हा प्रश्न दर काही महिन्यांनी आकडे काढून विचारावा लागतो. तो विचारणं, आकडे काढणं आणि गरज पडल्यास "थांबा" म्हणणं, ही या क्षेत्रातली नोकरी आहे.

दुसरं उदाहरण : मराठी आवाज कुणाचा?

तुमच्या फोनचा व्हॉइस असिस्टंट तुमच्या आजीचं मराठी समजतो का? बहुतेक वेळा नाही. कारण त्याला शिकवायला वापरलेला आवाज प्रामुख्यानं शहरातल्या, शिकलेल्या लोकांचा असतो. उद्या पुराच्या हेल्पलाईनवर बॉट बसवला आणि त्याला ग्रामीण बोलीच कळली नाही, तर नुकसान कुणाचं होईल हे वेगळं सांगायला नको.

मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामध्ये सुरू झालेल्या कार्या या प्रकल्पानं यावर काम केलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी मराठी आवाजाचा डेटा तीन प्रकारच्या लोकांकडून घेतला : कमी उत्पन्नाचे ग्रामीण लोक, कमी उत्पन्नाचे शहरी लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी. एकूण ३६ जणांकडून १०९ तासांचं रेकॉर्डिंग झालं. गरीब घरातल्या लोकांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. त्याआधी २०१९ मध्ये हातानं लिहिलेले देवनागरी शब्द स्वस्तातल्या स्मार्टफोनवर टाईप करण्याचा प्रयोग झाला होता. ग्रामीण भागातल्या लोकांनी त्यात ९६.७ टक्के अचूकता गाठली होती.

मुद्दा असा की डेटा कुठून येतो, तो देणाऱ्याला पैसे मिळतात का, त्यानं कशासाठी दिला हे त्याला माहीत आहे का, हेही जबाबदार एआयमध्येच येतं.

चूक झाली तर काय होतं?

जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसनं जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. युद्धात, आपत्तीत किंवा स्थलांतरात कुटुंबापासून ताटातूट झालेल्या माणसांना शोधून देणाऱ्या सेवेचा तो डेटा होता. ५,१५,००० पेक्षा जास्त लोकांची माहिती त्यात होती. तपासात कळलं की हल्लेखोर नोव्हेंबरपासूनच आत होते आणि ते शिरले एका सॉफ्टवेअरमधल्या अशा त्रुटीतून, जिचा पॅच वेळेवर बसवला गेला नव्हता.

एक पॅच! आपण फोनवर "अपडेट नंतर करा" दाबतो ना, तेच. म्हणून या क्षेत्रात सायबर सिक्युरिटीवाल्यांना नेहमी जागा असते.

दुसरा धोका म्हणजे नाव काढलं की माहिती सुरक्षित झाली, हा गैरसमज. लतान्या स्वीनी या संशोधिकेनं दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येऊ शकतात. आपल्याकडे विचार करा. "काळेवाडी, विजयनगर, वय ३४, डायलिसिस चालू, दोन मुलं" एवढं लिहिलं की गल्लीतल्या माणसाला नाव लागतच नाही.

कायदा काय म्हणतो?

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे. कामापुरतं एवढं लक्षात ठेवा :

- माहिती कशासाठी घेतोय हे स्पष्ट सांगायचं. ती सूचना मराठीतही मागता आली पाहिजे.
- दिलेली संमती मागे घेता येते, माहिती पुसायला सांगता येतं.
- १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.
- आपत्ती, साथ किंवा वैद्यकीय आणीबाणीत मदतीसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. पण ती सांभाळायची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

हा शेवटचा मुद्दा मी दोनदा वाचला होता. आमच्या शीटची घाई समजण्यासारखी होती. ती उघडी टाकून विसरून जाणं समजण्यासारखं नव्हतं.

कोणत्या प्रकारची कामं असतात?

*फील्ड डेटा :* सर्व्हे बनवणं, कार्यकर्त्यांना शिकवणं, डेटा तपासणं. कोबोटूलबॉक्स आणि ओडीके ही टूल्स जगभर वापरतात. दोन्ही मोफत मिळतात आणि नेटवर्क नसलं तरी फोनवर फॉर्म भरता येतो.

*डेटा इंजिनिअर :* वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा एकत्र आणून स्वच्छ करणं. मी हे करते. माझा अर्धा दिवस एकाच गावाच्या नावाची पाच स्पेलिंग जुळवण्यात जातो.

*मशीन लर्निंग इंजिनिअर :* मॉडेल बनवणं आणि ते वेगवेगळ्या गटांसाठी सारखं चालतंय का हे तपासणं.

*नकाशे आणि उपग्रह चित्रं :* पूर किंवा दरड आल्यावर कुठली घरं, रस्ते बाधित झाले ते काढणं. इथे क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिका.

*प्रायव्हसी आणि सुरक्षा :* कोणाला काय दिसेल, किती दिवस ठेवायचं, कधी पुसायचं, हे ठरवणं.

*मूल्यमापन :* कार्यक्रमाचा खरंच उपयोग झाला का, हे आकड्यांनी तपासणं. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य शिकलेल्यांना इथे चांगली संधी आहे.

*भाषा आणि धोरण :* मराठी डेटा तपासणं, नियमावली लिहिणं. कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे.

काम कुठे मिळतं?

मुंबईत अरमान आणि वाधवानी एआय आहेत. वाधवानी एआयनं कापसावरच्या बोंडअळीसाठी फोनवरून कीड ओळखणारं ॲप केलं आहे. गोव्यात डिजिटल फ्युचर्स लॅब ही तंत्रज्ञान आणि समाज यावर अभ्यास करणारी संस्था आहे. आयआयटी मद्रासमध्ये जबाबदार एआयसाठी वेगळं केंद्र आहे आणि एआय४भारत तिथेच भारतीय भाषांवर काम करतं. पुण्यात एल३क्यूब या गटानं इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मराठीचे खुले डेटासेट आणि मॉडेल तयार केले, त्यात द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्यासाठीचा महाहेट हा संचही आहे. परदेशात हेग इथे संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी डेटा केंद्र आहे. त्यांचा एचडीएक्स हा खुला डेटा संग्रह २०१४ पासून चालू आहे, तो घरी बसून कुणीही बघू शकतं.

आज, फोनवरून सुरुवात कशी करायची?

१. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस किंवा भाषिणीच्या भाषादान उपक्रमात तुमच्या बोलीत काही वाक्यं रेकॉर्ड करा. देण्याआधी अटी वाचा, तोच पहिला धडा.

२. मॅपस्वाईप ॲप घ्या. उपग्रह चित्रांवर घरं-रस्ते आहेत का ते बोटानं दाखवायचं असतं. मदतकार्याच्या नकाशांना त्याचा उपयोग होतो.

३. लॅपटॉप मिळाला की एसक्यूएल, पायथन आणि संख्याशास्त्र, या क्रमानं शिका. संख्याशास्त्र टाळू नका.

४. एक छोटा प्रकल्प करा आणि त्यासोबत एक पानाची माहिती लिहा : डेटा कुठून आला, कुणाची संमती घेतली, कोण यात नाही, कशासाठी वापरू नये. याला डेटाशीट म्हणतात. माझ्या मुलाखतीत कोडपेक्षा या पानावर जास्त प्रश्न आले.

५. एखाद्या स्थानिक संस्थेत आठवड्याला दोन तास द्या. त्यांची एक्सेल फाईल नीट लावून द्या. खरी शिकवणी तिथेच होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पगार किती मिळतो? आयटी कंपनीपेक्षा बहुतेक वेळा कमी. हिंजवडी सोडताना माझाही कमी झाला, घरी दोन महिने बोलणी चालली. शिवाय अनेक नोकऱ्या प्रकल्पाच्या निधीवर असतात. मुलाखतीत सरळ विचारा : निधी किती वर्षांचा आहे? डोक्यावर कर्ज असेल तर आधी दोन-तीन वर्षं कंपनीत काम करून मग या, त्यात काही कमीपणा नाही. कंपनीतली शिस्त इथे उपयोगी पडते.

इंजिनिअरिंगच लागतं का? नाही. फील्ड, मूल्यमापन, भाषा, धोरण यासाठी लागत नाही. पण आकड्यांची भीती नको.

इंग्रजी कच्चं आहे, चालेल? वाचता आलं पाहिजे, कागदपत्रं इंग्रजीत असतात. पण गावातल्या ताईशी मराठीत बोलून तिला फॉर्म समजावता येणं, हे अनेक मोठ्या डिग्रीवाल्यांना जमत नाही. ते तुमचं बलस्थान समजा.

एआयमुळे ही कामंच जातील का? फॉर्म भरण्यासारखी काही कमी होतील. पण "ही यादी बरोबर आहे का, कोण सुटलं?" हे विचारणाऱ्या माणसाची गरज एआय वाढेल तशी वाढेलच.

मी नुसता स्वयंसेवक आहे, मला काय करता येईल? हे मी सगळ्यांना सांगते. पवनेला पाणी वाढलं की दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर याद्या फिरायला लागतात. यादी करायची वेळ आली तर चार गोष्टी पाळा. लिंक सगळ्यांना उघडी ठेवू नका, ठरावीक लोकांनाच द्या. लागेल तेवढंच विचारा, आजार आणि आधार नंबर गरज नसताना नको. यादी कोण सांभाळणार, त्या एका व्यक्तीचं नाव वर लिहा. आणि पुसायची तारीख पहिल्याच दिवशी ठरवून फोनवर रिमाइंडर लावा.

माझ्या फोनवर तो रिमाइंडर आजही दर महिन्याच्या एक तारखेला वाजतो. वाजला की मी माझ्या सगळ्या शेअर केलेल्या फाईल उघडून बघते. तुम्हीही हा लेख बंद करण्याआधी तुमच्या ड्राईव्हमध्ये एकदा बघा, एखादी जुनी शीट अजून उघडी असेल.